चि. सुमेधला पत्र

चि. सुमेध यास,
अनेक आशीर्वाद.

ताट समोर आले की मीनल तोंड फिरवते आणि तू आग्रह केलास की तिच्या डोळ्यांत पाणी येते, हे वाचून जीव कासावीस झाला. तो तिचा हट्ट नव्हे, बाळा. कर्करोगावरच्या केमोथेरपीने चव बदलते, कधी तोंडात धातूसारखी चव रेंगाळते, आणि आजारामुळे शरीरात होणारा दाह भूकच मारून टाकतो.

रुग्णालयाच्या आहार विभागात इतकी वर्षे काम केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, या काळातला आहार एकदाच ठरवून चालत नाही. त्या त्या दिवशी काय त्रास होतो आहे ते पाहून तो बदलावा लागतो. मळमळ असेल तेव्हा गरम अन्नाचा वास सहन होत नाही, म्हणून ते थोडे निवू द्यावे आणि भांड्यावरचे झाकण तिच्या खोलीबाहेरच काढावे, म्हणजे पहिली वाफ तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तोंड आले असेल तर आंबट, तिखट, खारट वर्ज्य करून मऊ आणि ओलसर पदार्थ द्यावेत. धातूची चव लागत असेल तर लाकडी चमचा वापरून पाहा. केमोच्या दिवशी मात्र तिच्या सर्वांत आवडीचा पदार्थ करू नकोस, कारण मळमळीशी त्याची सांगड बसली की पुढे तो तिला नकोसाच होऊ शकतो.

ताट भरण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी चार घास दे, पण त्या घासांत प्रथिने असू देत. सर्वसाधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि २५ ते ३० किलोकॅलरी लागतात. मीनलचा नेमका आकडा तिच्या तपासण्या पाहून आहारतज्ज्ञच ठरवतील. वजन घटते तेव्हा स्नायूही झिजतात, आणि अशक्तपणा फार वाढला तर उपचार पुढे ढकलावे लागू शकतात. साखर तोडली की गाठ उपाशी मरते, असे सांगणारे भेटतील. ते खरे नाही, त्यांच्या सांगण्यावरून तिचे खाणे कमी करू नकोस. रक्तातल्या, जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना अन्न नीट शिजवलेले आणि ताजे असावे. कोणतीही पूरक गोळी किंवा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस.

दर आठवड्याला तिचे वजन लिहून ठेव आणि पुढच्या भेटीत ती वही आहारतज्ज्ञांना दाखव. गिळणे अवघड झाले तर नळीवाटे आहार देण्याविषयीही त्यांना विचार, त्याला घाबरू नकोस.

तुझी,
आई