मागवाल्याची चार मिनिटे आणि उरलेला झोंबीपट

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी शहापूर भागातील एका मंगल कार्यालयात आपल्याच शहरातील काही तरुणांनी तयार केलेला मराठी झोंबीपट पाहण्याचा योग आला. मॅक्स ब्रूक्स यांच्या ‘वर्ल्ड वॉर झेड’ या २००६ सालच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे, असे सुरुवातीच्या पाटीत लिहिले होते. ही कादंबरी मी आजवर चार वेळा वाचली आहे, तिच्या समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, आणि बेळगावात कोणीतरी तिच्यावर चित्रपट काढते आहे हे कानावर आल्यापासून मी त्या रविवारची वाट पाहत होतो. पाऊण तासाच्या त्या चित्रपटातील एका प्रसंगाने मन भरून आले आणि उरलेल्या भागाने ते खट्टू झाले. दोन्ही गोष्टी लिहिणे मला आवश्यक वाटते.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो की तिला नायक नाही. झोंबींशी झालेले जागतिक युद्ध संपून काही वर्षे लोटली आहेत, संयुक्त राष्ट्रांचा एक कर्मचारी देशोदेशी फिरून जगलेल्या माणसांच्या मुलाखती घेतो आहे, आणि अहवालातून जे ‘फार खासगी’ म्हणून गाळले गेले ते तो पुस्तकात आणतो आहे, एवढाच तिचा सांगाडा आहे. कोणी डॉक्टर, कोणी सैनिक, कोणी जपानमधला अंध माळी. आपल्या देशातील अलंगचा किनाराही तिच्यात आहे. मोडीत काढण्यासाठी आणलेल्या जहाजांवर चढून जीव वाचवायला पाण्यात उतरलेल्या माणसांची ती हकिगत मी पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती. प्रत्येक जण आपल्या जागेवरून, आपल्या बोलीत बोलतो, आणि भीती आपल्यापर्यंत पोहोचते ती त्या बोलण्यातून.

२०१३ साली या कादंबरीवर मोठा इंग्रजी चित्रपट आला, तेव्हा हे सगळे बाजूला पडले. मुलाखतींच्या जागी एकच धाडसी पुरुष आला, पुस्तकातले संथ झोंबी धावू लागले, स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचा चौक अमेरिकेतील फिलाडेल्फिया म्हणून दाखवला गेला, आणि चित्रीकरण झाल्यावर शेवट नव्याने लिहून पुन्हा चित्रित करावा लागला. त्या चित्रपटात भारताचा उल्लेख येतो तो एवढाच, की एका भारतीय सेनाधिकाऱ्याच्या संदेशात ‘राक्षस’ हा शब्द सापडला. आमच्या तरुणांनी हा धागा उचलून साथीची सुरुवात राकसकोप जलाशयाच्या काठावर दाखवली आहे. ज्या शहराच्या नळाला राकसकोपचे पाणी येते तेथील प्रेक्षकांच्या अंगावर त्या पहिल्या दृश्याने काटा आला, आणि ही कल्पना मला मनापासून आवडली.

त्यापुढे मात्र चित्रपट पुस्तकाकडे न जाता २०१३ च्या चित्रपटाच्या मागे गेला. एक तरुण मोटारसायकलवरून टिळकवाडी, किल्ला तलाव, येळ्ळूरचा गड असा धावत सुटतो आणि झोंबीही त्याच वेगाने त्याच्यामागे धावतात. दुसऱ्या रेल्वे गेटजवळ तो फाटकावरून उडी मारून पलीकडे जातो. गेट पडल्यावर गाडी जाईपर्यंत थांबून राहण्याचा अनुभव बेळगावात कोणाला नाही? फाटक बंद आहे, मालगाडीचे डबे संपत नाहीत आणि मागून ते संथ पावलांनी येत आहेत, एवढे दाखवले असते तरी सभागृहात कोणी श्वास घेतला नसता.

आता त्या चार मिनिटांविषयी. वडगावातील एक गल्ली आहे, दिवसभर यंत्रमागांची खटखट चालू आहे. आवाजाच्या रोखाने झोंबी येतात हे एव्हाना शहराला कळले आहे. एक म्हातारा मागवाला एकेक माग बंद करत जातो. धोट्याची ये-जा थांबते, कांड्या भरणारी बाई हात तसाच धरून बसते, शेजारची कानडी बाई लेकराला ‘ओळगे बा’ म्हणत आत ओढते आणि म्हातारा हळूच म्हणतो, ‘पोरांस्नी गप बसव, माग बंद करूलोय.’ शेवटचा माग थांबल्यावर जी शांतता पसरते ती वडगावच्या माणसाने दिवसा कधी ऐकलेली नसते. पुढे काहीच होत नाही, फक्त खिडकीतून म्हाताऱ्याचा चेहरा दिसतो. ती भूमिका करणारे गृहस्थ नट नसून खरोखरच मागावर काम करणारे आहेत, असे नंतर समजले. हे दृश्य कादंबरीत कोठेही नाही आणि तरीही सबंध चित्रपटात कादंबरीशी इमान राखणारे तेवढेच आहे.

बाकी पात्रे प्रमाण मराठी बोलतात, तीही पुण्याच्या वृत्तनिवेदकासारखी. अनगोळची आई, कॅम्पातला दुकानदार, सगळे एकाच सुरात. ज्या शहरात एका वाक्यात मराठी सुरू होते आणि कानडीत संपते, त्या शहरावर एवढे संकट कोसळले असताना माणसे एकमेकांना कोणत्या भाषेत हाक मारतील, याचा विचार करणे पटकथेचे पहिले काम होते, असे मला वाटते.

खेळ संपल्यावर मी दिग्दर्शकाशी बोललो. ‘काका, पुस्तक जसेच्या तसे करायला आमच्याकडे पैसा कुठला,’ असे तो म्हणाला. मला त्याच्याविषयी आपुलकी वाटते, पण हे म्हणणे मान्य नाही. त्या इंग्रजी चित्रपटाचा सुमारे १९ कोटी डॉलरचा खर्च झाला तो पुस्तकाचा घाट सोडून पळापळ दाखवायची म्हणून. घाट राखला तर लागते काय? एक खुर्ची, एक चेहरा, आणि त्या माणसाला सांगायचे आहे ते संपेपर्यंत ऐकून घेणारा कॅमेरा. वर्गणी काढून चित्रपट करणाऱ्या मुलांना परवडेल असा याहून दुसरा घाट मला माहीत नाही.

आणि साक्ष देणारी माणसे येथे घरोघरी आहेत. २०२१ साली महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांकडे कोगनोळी नाक्यावर कोरोना चाचणीचा अहवाल मागितला जात होता. त्या दिवसांत कोल्हापूरला आईला दवाखान्यात ठेवून परतताना माझा अहवाल वेळेवर आला नाही आणि मी पाच तास रस्त्याच्या कडेला बसून होतो. शेजारी निपाणीचा एक टेम्पोवाला होता. घर अर्ध्या तासावर असताना तो मुलीला फोनवर ‘येऊलोय, येऊलोय’ एवढेच सांगत होता, आणि तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फुटला. पुस्तकातील सीमेवर अडकलेल्या माणसांची प्रकरणे मी त्यानंतर पुन्हा वाचली तेव्हा ती मला परक्या देशातील वाटली नाहीत.

ही मुले दुसरा भाग करणार आहेत असे त्यांनी त्या दिवशी जाहीर केले. खुणा केलेली माझी प्रत मी दिग्दर्शकाला दिली आहे. या पत्राद्वारे त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी मोटारसायकल घरी ठेवावी आणि कॅमेरा घेऊन पुन्हा वडगावात त्या मागवाल्यांकडे जावे, तेथून एखाद्या परिचारिकेकडे, एखाद्या टेम्पोवाल्याकडे जावे. कोगनोळीच्या त्या पाच तासांविषयी कॅमेऱ्यासमोर बोलण्यास मी तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव