नापासांना नोटीस मिळते, सल्लागार मिळत नाही

महोदय,

अभियांत्रिकीचे निकाल लागले की ‘कॅरी ऑन’च्या, म्हणजे विषय राहिले तरी पुढच्या वर्षाला प्रवेश देण्याच्या, मागणीसाठी विद्यार्थी विद्यापीठाच्या दारात बसतात, काही प्राध्यापक आणि पालक ‘गुणवत्तेशी तडजोड नको’ म्हणून विरोध करतात आणि एखादे परिपत्रक निघाले की विषय पुढच्या वर्षापर्यंत मागे पडतो. या वादात दोन्ही बाजूंपुढे प्रश्न एकच असतो : मागे राहिलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसू द्यायचे की नाही. तो मागे का राहिला, त्याच्यापुढे नेमके किती काम शिल्लक आहे आणि ते कोणत्या क्रमाने केले तर तो यातून सुटेल, हे त्याच्याबरोबर बसून ठरवण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र कोणी विचारत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवण्यात आणि ‘जीएफएम’ (गार्डियन फॅकल्टी मेंबर, म्हणजे पालक-शिक्षक) म्हणून मुलांच्या तुकड्या सांभाळण्यात माझी नोकरी गेली. त्या अनुभवाच्या आधारे याविषयी लिहीत आहे.

अमेरिकेतील विद्यापीठांत ‘अकॅडमिक प्रोबेशन’ नावाची व्यवस्था आहे. पदवीच्या विद्यार्थ्याची सरासरी चारपैकी २.० च्या खाली आली, किंवा पदव्युत्तर विद्यार्थ्याची बहुतेक ठिकाणी ३.० च्या खाली आली, की त्याला प्रोबेशनवर टाकल्याचे पत्र येते. त्याला लगेच काढून टाकत नाहीत, सावरण्यासाठी एक-दोन सत्रांची मुदत देतात. मात्र अनेक विद्यापीठांत सल्लागाराला भेटून लेखी आराखडा केल्याशिवाय पुढच्या सत्राची नोंदणीच होत नाही. हे पत्र फक्त विद्यार्थ्याला येते. तिथल्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे प्रौढ विद्यार्थ्याचे गुण त्याच्या संमतीशिवाय विद्यापीठ सहसा पालकांना कळवत नाही आणि त्यामुळे इकडे आई-वडिलांना फोनवर ‘ठीक चाललंय’ एवढेच ऐकू येत राहते. आपल्याकडच्या किती घरांत हे असेच चालू असेल, कोण जाणे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तिथल्या एका सरकारी विद्यापीठात पदवीसाठी गेला आणि पहिल्याच सत्रात प्रोबेशनवर आला. बारावीला गणितात उत्तम गुण असलेला मुलगा चार क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन) कॅल्क्युलसमध्ये नापास झाला होता. घरी सांगण्याआधी त्याने मला फोन केला आणि म्हणाला, ‘मावशी, आता पुढच्या सेमला अठरा क्रेडिट घेऊन सगळ्यांत ‘ए’ काढावा लागेल.’ परीक्षेत पडलेला मुलगा नेहमी असेच ठरवतो. झालेले नुकसान एका झपाट्यात भरून काढायचे, म्हणून तो आधीच न पेललेल्या ओझ्यावर आणखी ओझे घेतो. मीही त्याला तोंडदेखला धीर देण्यापलीकडे काही करू शकत नव्हते, कारण तिथले नियम मला ठाऊक नव्हते.

ते त्याच्या सल्लागार बाईंना ठाऊक होते. त्यांनी पहिल्या भेटीत उपदेश केला नाही, कागदावर हिशेब मांडला. दर क्रेडिटला ‘ए’चे चार, ‘सी’चे दोन आणि नापासाचे शून्य गुण. पहिल्या सत्रात १५ क्रेडिट आणि सरासरी १.६, म्हणजे २४ गुण जमा. पुढच्या सत्रात १२ क्रेडिटचे सगळे नवे विषय घेतले, तर एकूण सरासरी २.० वर आणण्यासाठी २७ क्रेडिटना ५४ गुण हवेत, म्हणजे १२ क्रेडिटमध्ये ३० गुण, सरासरी २.५. अठरा क्रेडिट घेतले तर लागणारी सरासरी सुमारे २.३३ वर येते, म्हणून तो मार्ग सोपा वाटतो, पण त्यात काम दीडपट होते. त्या विद्यापीठात नापास झालेला विषय पुन्हा घेतल्यास जुन्या श्रेणीच्या जागी नवी श्रेणी धरण्याची सोय होती. ती अनेक विद्यापीठांत असते, सगळीकडे नसते. मग चार क्रेडिटचे कॅल्क्युलस पुन्हा आणि आठ क्रेडिटचे नवे विषय घेतले, तर एकूण क्रेडिट २३ होतात आणि लागतात ४६ गुण. सगळीकडे साधा ‘सी’ मिळाला तरी ४८ गुण होतात. ज्या मुलाला सगळ्या विषयांत ‘ए’ काढावा लागेल असे वाटत होते, त्याला सगळ्या विषयांत ‘सी’ पुरणार होता! मी आयुष्यभर गणित शिकवले, पण बेरीज-भागाकाराने एखाद्या मुलाच्या आवाजात इतका फरक पडलेला क्वचितच ऐकला.

बाराच क्रेडिट का, याचेही कारण होते. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या पदवीच्या मुलाला सत्रात साधारणपणे किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. अवघड जाणारा विषय मध्येच सोडला तर सरासरीला धक्का लागत नाही, पण क्रेडिट बाराच्या खाली गेले आणि आधी परवानगी घेतलेली नसली, तर व्हिसाच धोक्यात येतो. शिकण्याच्या पद्धतीची ओळख नसणे किंवा चुकीच्या पातळीचा विषय मिळणे अशा कारणांसाठी कमी क्रेडिटची सवलत मिळू शकते, परंतु ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडून विषय सोडण्यापूर्वी घ्यावी लागते. हे नियम कुठे ना कुठे छापलेले असतात. पण घाबरलेला मुलगा नियमपुस्तिका उघडत नाही, तो इतर घाबरलेल्या मुलांना विचारतो.

त्यानंतर सल्लागार बाईंनी कारण शोधायला घेतले. भाचा बुद्धीने कमी पडला नव्हता. दर आठवड्याचा गृहपाठ आणि छोट्या चाचण्या त्याने फारशा मनावर घेतल्या नव्हत्या, कारण शेवटच्या महिन्यात झडझडून अभ्यास करायचा आणि पेपर मारायचा, ही पीएलमधली (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुटीतली) आपली पिढीजात रीत तो बरोबर घेऊन गेला होता. तिथे अंतिम परीक्षा येईपर्यंत निम्म्याहून अधिक गुणांचा निकाल लागलेला असतो. मग त्यांनी त्याचे आठवड्याचे वेळापत्रक बनवले, गणिताच्या शिकवणी केंद्रात ठरलेल्या दिवशी जायला सांगितले आणि दर पंधरवड्याला आतापर्यंतचे गुण घेऊन भेटण्याची अट घातली. एक भेट चुकली तेव्हा त्याच दिवशी त्यांचा ईमेल आला. सत्राच्या शेवटी तो प्रोबेशनमधून बाहेर आला, कॅल्क्युलसमध्ये ‘बी’ घेऊन.

एका मुलाच्या गोष्टीवरून व्यवस्था ठरवू नये, हे मान्य आहे. पण याविषयी अभ्यासही झालेले आहेत. कॅनडातील विद्यार्थ्यांवरील २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्रोबेशनच्या रेषेच्या किंचित खाली आणि किंचित वर राहिलेल्यांची तुलना केली होती. जे प्रोबेशननंतर टिकले त्यांचे गुण सुधारले; मात्र प्रोबेशनवर आलेल्या मुलग्यांमध्ये शिक्षण सोडण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. म्हणजे नुसत्या धाकाने काही जण सावरतात आणि काही जण बाहेर पडतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ‘एसॅप’ हा कार्यक्रम दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांसाठी सुरू केला. त्यात सल्लागाराकडे मोजकेच विद्यार्थी देऊन वारंवार भेटी सक्तीच्या केल्या आणि जोडीला शिकवणी, पुस्तके व प्रवासपासही दिले. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदविका पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या गटात २२ टक्के, तर या गटात ४० टक्के निघाले. ही मुले प्रोबेशनवरची नव्हती आणि सगळे श्रेय सल्लागारांचे नाही, हे खरे; तरीही जी महाविद्यालये नापास होण्याचे खापर केवळ मुलांच्या आळसावर फोडतात, त्यांनी या आकड्यांकडे पाहावे.

आता आपल्याकडे. आपल्याकडे सल्लागार नाही असे म्हणता येणार नाही, कारण कागदावर तो आहेच. पुण्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्याला जीएफएम म्हणतात, इतरत्र टीचर गार्डियन किंवा मेंटॉर म्हणतात. त्याचे प्रत्यक्ष काम काय? उपस्थिती ७५ टक्क्यांच्या खाली गेलेल्यांची डिफॉल्टर यादी लावणे, पालकांना फोन करणे, टर्म ग्रँटच्या (सत्र मान्य करण्याच्या) अर्जावर सही करणे, फीची आठवण करून देणे आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येण्याआधी मेंटॉर-मेंटीच्या फाइली पूर्ण करणे. नॅकच्या निकषांत मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तर विचारले जात आले आहे. ते शिक्षकांच्या संख्येने विद्यार्थ्यांच्या संख्येला भागून काढता येते. त्यासाठी कोणी कोणाला भेटावे लागत नाही. शिवाय जीएफएमच्या कामाला वेळापत्रकात तासिका नसते, म्हणून ही भेट जेवणाच्या सुटीत, स्टाफरूमच्या दारात, पाच जणांदेखत होते. अशा ठिकाणी कोणता मुलगा खरे बोलेल?

तरीही जे शिक्षक मनापासून हे काम करतात, त्यांना काय करता येते तेही सांगते. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुले एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, हटकून अडकतात. त्यातल्या एकाने तिसऱ्यांदा अर्ज भरण्याआधी मी त्याला उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला लावली. लाप्लासची सूत्रे त्याला पाठ होती. गुण जात होते ते साध्या इंटिग्रेशनमध्ये, जे अकरावी-बारावी केलेल्या मुलांच्या हाताखालून गेलेले असते आणि याने पुरेसे घोटलेले नव्हते. म्हणजे तो एम-थ्रीचाच अभ्यास वाढवत होता आणि अडचण त्याच्या मागे कुठेतरी होती. हे कळायला एक दुपार लागली. ती दुपार त्याला आधी कोणी दिली नव्हती, कारण ती देणे कोणाचेच काम नव्हते.

मात्र शिक्षकाच्या हातात नसलेली गोष्ट अशी की संलग्न महाविद्यालयात ओझे कमी करता येत नाही. चार विषय राहिलेला मुलगा पुढच्या सत्राचे सगळे विषय घेतो, त्यांचे प्रॅक्टिकल आणि सबमिशन करतो आणि त्यावर चार केटींचा अभ्यास करतो. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, ही टांगती तलवार असतेच. भाच्याच्या सल्लागार बाईंनी जी गोष्ट सर्वांत आधी केली, म्हणजे विषय कमी करून क्रम लावणे, तीच करण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाही नव्हता. म्हणून ‘कॅरी ऑन’ मागणाऱ्या मुलांचा मला राग येत नाही. पण ते मिळाल्यावर पुढच्या वर्षी त्यांच्यापुढे आणखी मोठा डोंगर उभा राहतो, हे त्यांना कोणीतरी कागदावर मांडून दाखवायला हवे. ‘इयर डाउन’ झालेल्या, म्हणजे पुढच्या वर्षाला प्रवेश न मिळालेल्या, मुलाची अवस्था तर याहून वाईट. तो वर्षभर महाविद्यालयाच्या हिशेबातच नसतो, तासांना येत नाही आणि त्याचा जीएफएम कोण, हेही त्याला सांगता येत नाही.

आयआयटींची व्यवस्था यापेक्षा पुढे आहे. कानपूरमध्ये वॉर्निंग आणि प्रोबेशन अशा पायऱ्या आहेत, मुंबईत मागे पडलेल्यांसाठी पुनर्वसनाचा कार्यक्रम आहे. तरीही २०१५ मध्ये रुरकीच्या आयआयटीने सरासरी दहापैकी पाचच्या खाली गेलेल्या पहिल्या वर्षाच्या ७० हून अधिक विद्यार्थ्यांना एकदम काढून टाकले होते. उच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही आणि अखेर संस्थेनेच एक संधी देऊन त्यांना परत घेतले. देशातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांचा निर्णय असा निकाल लागल्यावर, वर्ष संपल्यानंतर घ्यावा लागणे, यात दोष फक्त त्या मुलांचा नव्हता. उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा आणि आत्महत्यांचा विचार करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कार्यदल नेमले, यावरून या विषयाचे गांभीर्य ध्यानात यावे.

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आपल्याकडे क्रेडिटची पद्धत आली आहे, मिळवलेले क्रेडिट साठवून ठेवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सही आहे. सत्रात कमी क्रेडिट घेऊन अभ्यासक्रम थोडा लांबवण्याची सोय करायला आता तांत्रिक अडचण फारशी उरलेली नाही. निदान स्वायत्त महाविद्यालयांना तरी नाही. तेव्हा माझी विद्यापीठांना आणि उच्च व तंत्रशिक्षण विभागाला विनंती आहे की, ‘कॅरी ऑन’ द्यायचे असेल तर ते सरसकट न देता जीएफएमबरोबर बसून केलेल्या आणि दोघांच्या सह्या असलेल्या आराखड्यावर द्यावे, त्या आराखड्यात गरज असेल तिथे पुढच्या सत्राचे एक-दोन विषय लांबणीवर टाकण्याचा अधिकार जीएफएमला असावा आणि या कामाच्या तासिका त्याच्या अध्यापनभारात धराव्यात. इयर डाउन झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्या वर्षापुरता नावानिशी जीएफएम नेमून द्यावा. पहिल्या इन-सेम (सत्रादरम्यानच्या) परीक्षेत दोनपेक्षा अधिक विषयांत मागे राहिलेल्यांची भेट निकालाची वाट न पाहता त्याच पंधरवड्यात व्हावी. आणि अशा किती विद्यार्थ्यांना जीएफएम प्रत्यक्ष भेटले व त्यांतले किती पुढच्या सत्रात सावरले, हे दोन आकडे महाविद्यालयांनी प्लेसमेंटच्या आकड्यांशेजारी आपल्या माहितीपुस्तिकेत छापावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे