आधी आवाज, मग चेहरा

पुणे,
१६ नोव्हेंबर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

पाठवलेलं चार्ली प्राइडचं 'किस अ‍ॅन एंजल गुड मॉर्निन' हे गाणं तुला आवडलं, बरं वाटलं. तू लिहिलंस की ऐकताना टेक्सासचा कुणी टोपीवाला गोरा शेतकरी डोळ्यांसमोर आला. अरे, १९६६ साली अमेरिकेत रेडिओ ऐकणाऱ्यांनाही तसंच वाटलं होतं. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं, गोऱ्यांचंच मानलं जाणारं संगीत, आणि ते गाणारा हा चार्ली प्राइड कृष्णवर्णीय होता.

शेतकऱ्याचा पोर मात्र खरा, आणि तोही तुमच्यासारखाच कापसातला. मिसिसिपीतलं स्लेज हे त्याचं गाव, जन्म १९३४ चा, घरात अकरा भावंडं. बाप दुसऱ्याच्या रानात वाट्याने कापूस पिकवायचा, पोरं वेचणीला. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी नखांच्या कडा कशा रक्ताळतात, हे यवतमाळच्या माणसाला मी काय सांगू! शनिवारी रात्री बापाच्या रेडिओवर कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरातली गाणी लागत, तीच याची शिकवणी. स्वप्न मात्र बेसबॉलचं. त्या नादात मोंटाना राज्यात पोचला, शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात राबला. कारखान्याच्या संघातून खेळायचा आणि सामन्याआधी गायचे दहा डॉलर वेगळे मिळवायचा.

पुढे नॅशव्हिलला जॅक क्लेमंट या संगीत निर्मात्याने त्याच्याकडून दोन गाणी रेकॉर्ड करून घेतली. ती गिटारवादक आणि निर्माता चेट अ‍ॅटकिन्सने आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या बड्या लोकांना ऐकवली. आवाज सगळ्यांना पसंत पडला, मग अ‍ॅटकिन्सने गायकाचा रंग सांगितला. करार झाला, पण पहिल्या रेकॉर्ड रेडिओवाल्यांकडे गेल्या त्या फोटोविना. ती युक्ती लागू पडली हे खरं, तरी मला तिचा आजही राग येतो. एवढा आवाज असून माणसाला चेहरा लपवून दारात उभं राहावं लागलं.

मग डेट्रॉइटचा मोठा कार्यक्रम. नाव पुकारल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, हा उजेडात आला आणि टाळ्या विरत विरत थांबल्या. हजारो माणसं गप्प. त्याने आपल्या 'कायमच्या रापलेल्या' रंगाबद्दल हसत एक वाक्य टाकलं आणि गायला लागला. कार्यक्रम संपल्यावर लोक सह्यांसाठी रांगेत उभे होते. त्या मधल्या शांततेत तो काय सोसत असेल, ते माझ्या मनातून जात नाही.

पुढचं यश तुला कुठेही वाचायला मिळेल. १९७१ साली कंट्री संगीताच्या संघटनेने त्याला वर्षातला सर्वश्रेष्ठ कलावंत ठरवलं, एवढं पुरे. तू ऐक ती फोर्ट वर्थच्या पँथर हॉलमधली थेट कार्यक्रमाची रेकॉर्ड, १९६९ साली आलेली. लॉइड ग्रीनची स्टील गिटार मागे पाण्यासारखी वाहते. 'लव्हसिक ब्लूज' या गाण्यात तो आवाज खालून एकदम वर असा उलटवतो की आपण दचकतो. नाहीतर गाणं अगदी सरळ: खर्जातला भरीव आवाज, शब्द न् शब्द स्वच्छ, उगाच हरकत नाही. आणि लोकांचा गलका ऐक. ते त्याला समोर बघत होते, तरीही तसे ओरडत होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच संघटनेचा जीवनगौरव पुरस्कार घेताना तो तुला पाठवलेलंच गाणं गायला, ८६व्या वर्षी. महिन्याभराने, १२ डिसेंबरला, कोविडने गेला.

वेचणी आता जोरात असेल. काकू संध्याकाळी रानातून आल्या की त्यांना ते गाणं ऐकव. शब्द कळणार नाहीत, पण हा कापूस वेचणारा पोर होता एवढं सांग. त्या काय म्हणतात, ते मला कळव.

तुझा,
अनिल