त्या सतरा खळग्यांबद्दल, सर, मनापासून आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुम्हाला एस.टी.त बसवून दिलं त्याला आता दोन महिने होत आले. फोनवर आभार मानले होते, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आमच्या किनाऱ्यावर डायनासोरची पावलं सापडली, ही बातमी गुहागर तालुक्यात घरोघर पोचली होती. पुढे तुम्ही येऊन काय केलंत, ते मात्र त्या दिवशी खडपात उभ्या असलेल्या आम्हा वीस-पंचवीस जणांनाच ठाऊक आहे.

अमावास्येच्या ओहोटीला पाणी खूप आत गेलं होतं. आमच्या सहावीतली एक मुलगी आईबरोबर कालवं काढायला गेली होती. वाळू आणि शिंपल्यांचा चुना घट्ट होऊन झालेला तो फिकट खडक एरवी पाण्याखालीच असतो. त्यावर तिला ओळीने खळगे दिसले, दोन-तीन खळग्यांना तर पुढे बोटं फुटल्यासारखी. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत त्या खळग्यांचा फोटो मोबाइलवरून सगळीकडे फिरला. कुणी डायनासोर म्हणालं, कुणी पांडवांची पावलं. मी ज्यांना ज्यांना फोन करून विचारलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी हसून विषय संपवला. एकांनी तर मुलांना अभ्यासाला लावा असं सुनावलं. ती पोर दोन दिवस मान खाली घालून बसली होती. मला ते फार लागलं.

आणि मग तुम्ही आलात. या वयात, दोन गाड्या बदलून, स्वतःच्या खर्चाने. पडवीत बसून अर्धा कप चहा घेतलात आणि विचारलंत, "ओहोटी किती वाजता?"

सर, तुम्हाला उत्तर घरून निघतानाच माहीत होतं. आमच्या पायाखालचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आणि तो शिंपल्यांचा खडक जेमतेम काही हजार वर्षांचा. डायनासोर संपल्यावर कोट्यवधी वर्षांनी तयार झालेल्या दगडात त्यांचं पाऊल उमटणार कसं? हे एक वाक्य फोनवर बोलला असतात तरी काम झालं असतं. तुम्ही ते शेवटपर्यंत बोलला नाहीत. मी आभार मानतेय ते मुख्यतः त्यासाठी.

तुम्ही मुलांच्या हातात सुतळी आणि खडू दिलात. फडक्याने खळग्यांतलं पाणी टिपायला लावलंत. सतरा खळगे निघाले. एकापासून दुसऱ्याचं अंतर मुलांनी वहीत उतरवलं: एक वीत, मग दोन हात, मग पुन्हा एक वीत. "चालणारं जनावर असं पाऊल टाकेल का?" एवढंच तुम्ही विचारलंत. मग सगळ्यांना ओल्या वाळूत चालायला लावलंत. डावं, उजवं, डावं. पायाच्या कडेने वाळू उचलली गेली होती, अंगठ्याकडे ठसा खोल होता. मुलं परत खडकाकडे धावली. तिथे कडा कुठेच उचललेली नव्हती आणि डावं-उजवंही लागेना. तेवढ्यात त्या मुलीनेच सर्वांत खोल खळग्यात हात घातला आणि लिंबाएवढा गुळगुळीत गोटा बाहेर काढला. लाटेच्या पाण्याबरोबर तो गोटा आत गरगर फिरतो आणि खडक झिजवतो, हेही तिनेच सांगितलं. "नाही" तिचं तिलाच सापडलं. मी बावीस वर्षं शिकवतेय सर, पण असा तास मला घेता आला नव्हता.

त्यानंतर तुम्ही तिला स्काय बेटाची गोष्ट सांगितलीत. २०१५ साली जगापुढे आलेले स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे ते ठसे सतरा कोटी वर्षांपूर्वीचे, उथळ खाजणातून चाललेल्या लांब मानेच्या डायनासोरांचे. तेही ओहोटीलाच नीट दिसतात. आणि एडिंबरा विद्यापीठाच्या अभ्यासकांनाही आधी ते साधे खळगेच वाटले होते! डावं-उजवं जुळलं तेव्हा त्यांचे डोळे उघडले. म्हणजे तिची शंका रास्तच होती, फक्त खडक वेगळा निघाला. हे ऐकताना तिचा चेहरा मी पाहत होते.

त्यांतला मोठा ठसा सत्तर सेंटिमीटरचा. पावलाच्या लांबीच्या चौपट कंबरेची उंची, हा तुमचा ढोबळ हिशोब मुलांनी लगेच केला: दोनशे ऐंशी. शाळेच्या दारापेक्षा उंच! अजूनही दारातून आत येताना वर बघतात.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं तर घरोघर झालं. डायनासोरांच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले हे २००५ साली प्रसिद्ध झालं, आणि पुढे २०११ साली त्यांत भाताच्या गोतातलं गवतही ओळखलं गेलं. लावणीचा चिखल तुडवणाऱ्या आमच्या मुलांना हे आपलं वाटलं. एका आजोबांनी मला वाटेत थांबवून विचारलं, "बाई, खरंच का हो भात खायचे ते?" भात नव्हे, भाताच्या कुळातलं गवत, असं मी सांगितलं. बरोबर सांगितलं ना?

काही मंडळी अजून नाराज आहेत. पाटी लागली असती, पर्यटक आले असते, असं म्हणतात. त्यांचंही अगदीच चुकत नाही, इथे रोजगार कुठे आहे. पण खोटी पाटी वाचत आमची मुलं मोठी झाली नाहीत, याचं मला फार समाधान आहे.

त्या मुलीने एक प्रश्न तुम्हाला विचारायला सांगितलाय. त्या दिवशी वाळूत उमटलेली आमची पावलं भरतीने तासाभरात पुसली. मग चुन्याच्या चिखलातलं पाऊल पुसलं जाण्याआधी सुकायला आणि त्यावर दुसरा थर बसायला किती वेळ मिळत असेल? तिने वहीत "दोन दिवस" असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय. सवडीने कळवा.

तुमची कृतज्ञ,
शाळेच्या बाई आणि सहावीची मुलं