विनू, अप्पांशी तूच बोल

प्रिय विनू,

इतके दिवस पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर फोनवर घाल. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. लिहितोय ते मन्यासाठी. अप्पा त्याला स्टेम सेलच्या, म्हणजे मूळपेशींच्या, उपचाराला न्यायचं म्हणताहेत. विहिरीजवळचा तुकडा विकायला काढलाय.

मज्जारज्जूची दुखापत डी-10 ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याशी, ASIA या तीव्रतेच्या श्रेणीत ग्रेड ए, म्हणजे पूर्ण, सव्वा वर्षाची. तुला वेगळं सांगायला नको. दवाखान्याचा बेत असा: कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, पेशी वेगळ्या करायच्या आणि कमरेत सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायच्या. तीन वेळा. सोबत औषध कोणतं? तर जीवनसत्त्वं आणि फिजिओ! विनू, सुई कंबरेला आणि जखम डी-10 ला. त्या व्रणापर्यंत किती पेशी पोचणार आणि पोचून टिकणार कशा?

आपलं जुनं भांडण आठव. तू म्हणायचास, पेशी चांगली असली की रुजते. मी म्हणायचो, रान तयार नसेल तर बियाणं कुजतं. टोरांटोत फेलिंग्सच्या गटानं 2006 साली उंदरांत नेमकं हेच दाखवलं. क्लिपनं चेपलेला मज्जारज्जू, दोन आठवड्यांनी चेता-पूर्वपेशी (मज्जासंस्थेच्या पेशी ज्यांपासून बनतात त्या), जोडीला दाह दाबायला मिनोसायक्लिन, शरीरानं पेशी नाकारू नयेत म्हणून सायक्लोस्पोरिन आणि पंपानं वाढघटक. पेशी टिकल्या. त्याच पेशी, तीच औषधं आठ आठवड्यांनी दिली तर जेमतेम. तोवर व्रण घट्ट होतो, कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या वाट अडवतात. 2010 मध्ये त्यांनी आधी कॉन्ड्रॉइटिनेझ एबीसी हे एन्झाइम देऊन त्या साखळ्या तोडल्या, नंतर आठवड्यानं पेशी घातल्या, तेव्हा कुठे जुन्या जखमेत पेशींनी तग धरला. ते एन्झाइम 37 अंशांना काही दिवसांतच मंदावतं, एका सुईत भागत नाही. आणि हे सगळं उंदरांत. मन्याच्या सव्वा वर्षाच्या व्रणाला यातलं काहीच मिळणार नाहीये.

मायामीच्या प्रयोगाचं तर तुला पाठ आहे. 2004, श्वान (Schwann) पेशी, म्हणजे नसांना वेढणाऱ्या पेशी, सोबत सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू आणि तो टिकवणारं रोलिप्राम हे औषध. तिन्ही एकत्र दिलेले उंदीर चांगले चालले, एकट्या पेशींवर तेवढं नाही. पण रोलिप्रामनं माणसाला मळमळ आणि उलट्या होतात. पुढे तिथे माणसांत पोटरीतल्या सुरल नर्व्ह या नसेमधून काढलेल्या श्वान पेशी घातल्या, त्या एकट्याच, आणि तेव्हा मुख्य प्रश्न सुरक्षिततेचाच होता.

अप्पांकडे जपानमधल्या मूळपेशी-उपचाराच्या बातमीचं कात्रण आहे. बातमी खरी आहे, म्हणूनच समजावणं अवघड. पण तिथल्या केइओ विद्यापीठात पेशी घातल्या दुखापतीनंतर 14 ते 28 दिवसांत, 20 लाख पेशी, थेट जखमेत. आधी पेशींना गामा-सिक्रेटेज रोखणारं औषध दिलेलं, म्हणजे त्या वाढत राहून गाठ करणार नाहीत. चौघांपैकी दोघांत सुधारणा. यातली कुठलीच अट मन्याला लागू नाही. हे अप्पांना सांगताना त्यांचं कात्रण मात्र खोटं पाडू नकोस, त्यांना लागेल.

मला खरी धास्ती पुढची आहे. दवाखान्यानं परवा "मज्जा नाही जमली तर नाळेच्या पेशी" असंही सुचवलं. परक्या पेशी म्हटलं की त्या नाकारल्या जाऊ नयेत म्हणून टॅक्रोलिमस हे औषध येऊ शकतं. मन्या लघवीच्या नळीवर आहे, मागच्याच महिन्यात तिच्या संसर्गानं थंडी-ताप झाला. त्यात प्रतिकारशक्ती दाबायची? गावच्या डॉक्टरनं क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोल दिलं की टॅक्रोलिमसची पातळी चढते, किडनीला मार बसतो. रिफाम्पिसिननं उलट घसरते. सकाळच्या गोळीआधी रक्त घेऊन पातळी बघायची असते. तिकडे कोण बघणार?

अप्पांना तीनच प्रश्न विचारायला लाव: सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद आहे का, एथिक्स समितीचा कागद दाखवा आणि चाचणी आहे तर पैसे कसले? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक कारणांसाठीचं मज्जा-प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशी नेहमीचा उपचार म्हणून मान्य नाहीत.

तेवढ्या पैशात चांगली गादी, उभं राहण्याची फ्रेम, पायांना आधार देणारे कॅलिपर, आणि कायमची नळी काढून दर चार-सहा तासांनी स्वच्छ नळी घालण्याचं शिक्षण, हे सगळं होतं. डी-10 ला हात पूर्ण चांगले आहेत, विनू! तो हे शिकेल.

माझं अप्पा ऐकत नाहीत, मी त्यांच्या लेखी औषधवाला. तू शस्त्रक्रियेचा माणूस. रविवारी फोन कर, सकाळी नऊच्या आत, नंतर ते रानात जातात. इसाराची रक्कम बुधवारी घ्यायची ठरलीय.

नीताची बदली झाली का? पिल्लूला आशीर्वाद.

तुझा,
दिलीप