वस्तादाच्या मागे

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर मी "ऑफिसात जरा बदल चाललेत" म्हणालो, ते अर्धवट होतं. आईला आवाजावरून कळलंच असणार, कारण तिने लगेच "जेवलास का" विचारलं. मी ऑफिसच सोडलंय. डॅलसची कंपनी सोडून ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये कामाला लागलोय. सह्या झाल्या, खोली बदलली, सामानही आलं. फोनवर सांगितलं असतं तर बाबा नुसतं "बरं" म्हणाले असते आणि फोन आईकडे दिला असता. ते "बरं" मला पंधरा-पंधरा दिवस पुरतं, म्हणून पत्र.

आधी पैशाचं, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. पगार निम्म्याहून कमी आहे. पण डॅलसमध्ये अर्धा पगार भाड्यात जायचा, इथे खोली स्वस्त आहे आणि दोन वेळचं जेवण टीमच्या मेसमध्ये होतं. बँकेचा हप्ता एक महिनाही चुकणार नाही, वर्षभराचे पैसे बाजूला काढलेत. घराचे कागद बँकेत आहेत हे मी विसरलेलो नाही. आणि आई, तो गोफ मोडायचा विषय पुन्हा काढायचा नाही.

व्हिसाचंही बघितलंय. कंपनीकडून दोनदा लॉटरीत नाव घातलं, दोन्हीदा निघालं नाही. विद्यापीठाच्या नोकरीला ती लॉटरीच नसते. वकिलाला विचारलंय. म्हणजे एका अर्थाने हेच जास्त पक्कं आहे. (हे वाक्य मी तीनदा लिहून बघितलं, दर वेळी थोडं कमी पक्कं वाटलं. पण खरं आहे.)

बाबा, हा आपला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचा फुटबॉल नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. यात पाय कमी आणि खांदे जास्त. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. दर डावाला खेळ थांबतो. तुम्ही एकदा पाच मिनिटं बघून "ह्यात खेळ कमी नि उभं ऱ्हाणंच लई" म्हणाला होतात. माझं काम त्या उभं राहण्यातच आहे. एका सामन्यात दोन्हीकडचे मिळून सव्वाशे-दीडशे डाव होतात. प्रत्येकाचा व्हिडिओतला तुकडा कापायचा आणि त्यावर लिहायचं: कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी, पोरं कशी उभी होती, पुढे काय झालं. मग समोरच्या टीमचे मागचे चार सामने बघून सांगायचं की तिसऱ्या प्रयत्नाला तीन यार्ड उरले की ही मंडळी काय करतात.

एमएस करताना मी हे काम फुकट करायचो, तुम्हाला "लॅबमध्ये आहे" सांगून. तेव्हाची एक गोष्ट. समोरच्या टीमचा एक दांडगा गडी, डाव सुरू व्हायच्या आधी एक हात जमिनीला टेकवून वाकलेला. चेंडू घेऊन घुसायचं असलं की त्याचा सगळा भार बोटांवर यायचा, नखं पांढरी पडायची. मागून फेकायचा असला की हात नुसता टेकवलेला. मी चाळीस तुकडे काढून एका असिस्टंट कोचला दाखवले. तो म्हणाला, हे बघायला कुणी शिकवलं? आता काय सांगू? तुम्हीच शिकवलंत. मी सात वर्षांचा असेन, पायऱ्यांवर तुमच्या मांडीवर, पाटाकडील आणि दिलबहार तालमींची मॅच, पेनल्टी. "त्याच्या तोंडाकडं बघू नकोस, टेकलेला पाय बघ." पाय डावीकडे होता, चेंडू डावीकडे गेला. मला वाटलं, बाबांना जादू येते.

तोच असिस्टंट आता ३४ वर्षांचा आहे, तायडीहून दोन वर्षांनी लहान, आणि या विद्यापीठाचा हेड कोच झालाय. झाला त्याच आठवड्यात त्याने मला फोन केला. बाबा, तालमीत वस्ताद असतो ना, इथेही तसंच आहे. वस्ताद गाव बदलतो, त्याच्यामागे पठ्ठे बिऱ्हाड उचलतात.

एवढ्या लहान वयाचा हेड कोच म्हणजे पोरखेळ वाटेल. तसं नाही. ॲरिझोना स्टेटचा केनी डिलिंगहॅम घ्या. शाळेत गुडघा गेला, कॉलेजात एक दिवस खेळला नाही. शिकत असतानाच शाळेच्या पोरांना शिकवायला लागला. मग माइक नॉरव्हेल नावाच्या वस्तादाच्या मागे मेम्फिसला गेला, सुरुवात अगदी खालच्या जागेवरून. नंतर ऑबर्न, पुन्हा नॉरव्हेलकडे टॅलाहासी, मग ऑरेगन. चार वर्षांत तीन गावं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतः शिकला त्याच ॲरिझोना स्टेटचा हेड कोच झाला, तेव्हा ३२ वर्षांचा होता. पहिल्या वर्षी १२ पैकी ९ सामने हरला. दुसऱ्या वर्षी ११ जिंकले, आणि ज्या लीगमध्ये त्यांना सगळ्यात खाली धरलं होतं ती लीगच जिंकली. आणि ऑरेगनला ज्याच्या हाताखाली होता, तो डॅन लॅनिंग आधी मिसुरीत शाळामास्तर. २०११ मध्ये रात्रभर गाडी चालवून पिट्सबर्गला गेला, नोकरी मागायला. दहा वर्षांनी ऑरेगनचा हेड कोच, वय ३५.

हे सगळं तुम्हाला पटावं म्हणून लिहितोय, कळतंय मला. जे रात्रभर गाडी चालवून हात हलवत परत आले त्यांची नावं मलाही माहीत नाहीत. टीम हरत राहिली की हेड कोच जातो आणि बहुतेक वेळा त्याच्याबरोबर आम्ही सगळे. तसं झालंच तर माझी डिग्री कुठे जात नाही, डेटाचं काम कुठेही मिळतं. तुम्हाला सकाळचं ग्राउंड सोडून बँकेत जावं लागलं तेव्हा असं काही हाताशी नव्हतं. त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही आणि आताही बोलत नाही. फक्त पहाटे तुम्ही ओट्यावर खडूने पोरांच्या जागा काढायचात आणि आई आठ वाजता पाणी ओतून धुवायची, ते मला इथे रोज आठवतं.

आई, खोलीत हीटर आहे, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत. जाड बूट घेतलेत. इंडियन दुकान पाऊण तासावर आहे, ज्वारीचं पीठ मिळतं, जरा जुनं असतं, भाकरी कडेला तुटते. मेसमध्ये चिकनला चव नसते, म्हणून तू दिलेला कांदा-लसूण मसाला डबीत घालून नेतो. एका दीडशे किलोच्या पोराने चमचाभर खाल्ला आणि अर्धा लिटर दूध प्यायला. आता रोज डबी मागतो.

आता ऐका. बाबांनी स्कूटरवरून स्टेडियमला जायचं नाही, रिक्षा करायची. शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट मार्चपासून झालेला नाही, या आठवड्यात करा आणि फोटो पाठवा. "नॉर्मल आहे" असं तोंडी चालणार नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पाऊस संपला की लगेच. आई, तू गुडघ्याचा पट्टा फक्त डॉक्टरकडे जाताना लावतेस, मला माहितीय. आत्याला सांगताना "नोकरी सोडली" म्हणायचं नाही, "विद्यापीठात लागला" म्हणायचं. खोटं नाही ते.

आणि एक राहिलं, मुद्दाम शेवटी ठेवलं. गणपतीला आणि दिवाळीला येता येणार नाही. सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, नोव्हेंबरअखेर दर शनिवारी सामना. लक्ष्मीपूजनाला व्हिडिओवर असेन. अभ्यंगस्नान काही पहिल्यांदाच चुकत नाहीये, मागच्या दोन दिवाळ्याही हुकल्यात, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो. सुट्टी मिळते ती जुलैत, तीन आठवडे. राजाराम बंधारा पाण्याखाली असेल, मागच्या खोलीचा पत्रा गळत असेल. तो मी आल्यावर बघतो. बाबा, तुम्ही शिडीवर चढू नका.

सीझनमध्ये रविवारी आम्ही पहाटेपासून शनिवारचा सामना कापत बसतो, म्हणून फोन सोमवारी येईल, तुमच्या सकाळी सातला. नाही आला तर काळजी करू नका, मंगळवारी येईल.

तुमचा,
बाळू

ता.क. आई, कुकरची रबरी रिंग पाठव. तीन लिटरची. इथे पाच लिटरचीच मिळते. तायडीच्या पार्सलात घाल, वेगळं कुरिअर करू नकोस.