९ नोव्हेंबरच्या आधी या

बर्लिन, १४ सप्टेंबर

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, "हिटलरच्या देशाचा पासपोर्ट घेणार?" आणि फोन आईकडे दिलात. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

निर्णय झालाय. जर्मन नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला, डिसेंबरात कागद हातात येईल. आधी विचारलं असतं तर तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असतात आणि रात्रभर झोपला नसतात, म्हणून टाळलं. ते माझं चुकलंच. म्हणून तुमची तिकिटं ५ नोव्हेंबरची काढली आहेत. दिवाळी तिकडेच करा, दादाला माझ्या वतीने यंदाही आईनेच ओवाळावं. पण ९ तारखेला तुम्ही दोघं इथे हवेत.

बाबा, हिटलरचं नाव या तारखेला चिकटलेलं आहे, हे खरं. पण ती तारीख पहिल्यापासून बघा. ९ नोव्हेंबर १९१८ ला दुपारी दोनच्या सुमारास सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या शाइडेमान यांनी राइशस्टागच्या, म्हणजे संसदेच्या, सज्जातून प्रजासत्ताक जाहीर केलं. पक्षाचे नेते एबर्ट चिडले, कारण कुणाला विचारलंच नव्हतं. दोनेक तासांनी जहाल डाव्या गटाच्या लीबक्नेश्ट यांनी राजवाड्यातून दुसरं, समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं. हा दिवस ज्यांना सलत राहिला, त्यांतला हिटलर. १९२३ ला म्युनिकमध्ये त्याने बंडासाठी मोर्चा काढला तो याच तारखेला, आणि तो पोलिसांच्या गोळीबारात फसला. सत्तेवर आल्यावर दरवर्षी त्या बंडाचा स्मरणदिन होऊ लागला. १९३८ ला जुने साथीदार त्यासाठीच म्युनिकला जमलेले होते. पॅरिसमध्ये एका ज्यू तरुणाची गोळी लागलेला जर्मन अधिकारी वारल्याची बातमी तिथे पोचली, प्रचारमंत्री गोबेल्स बोलला आणि तिथूनच ज्यूंवरच्या हल्ल्यांसाठी गावोगाव फोन गेले. १४०० हून अधिक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची मंदिरं, आणि प्रार्थनागृहं उद्ध्वस्त झाली, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेलं. अग्निशमन दल शेजारच्या घरांना झळ लागू नये म्हणून उभं होतं, सिनेगॉग मात्र जळू दिले. वर शंभर कोटी राइशमार्कचा दंड ज्यूंनाच! इथल्या ओरानीनबुर्गर रस्त्यावरचं सिनेगॉग वाचलं, कारण त्या ठाण्याच्या पोलिसांनी ही संरक्षित वास्तू आहे म्हणून जमावाला हटवलं आणि आग विझवायला लावली. त्याचा सोनेरी घुमट तुम्हाला दाखवायचाय.

हे सगळं इथे झाकून ठेवत नाहीत, बाबा. बर्लिनची भिंत पडली तीही ९ नोव्हेंबरलाच, तरी राष्ट्रीय सुट्टी ३ ऑक्टोबरला ठेवली, कारण १९३८ च्या तारखेला सण साजरा करायचा कसा? मी ज्या देशाची होणार आहे तो हा आहे.

आई, त्या दिवशी तुझं काम आहे. इथल्या फूटपाथवर घरांसमोर, हिटलरच्या राजवटीत नेलेल्यांच्या आठवणीसाठी, दहा सेंटिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे बसवलेत, वर पितळी पत्रा. 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. अक्षरं हातोडीने एकेक ठोकलेली. पावसाने नि पायांखाली येऊन पितळ तपकिरी पडतं, म्हणून ९ तारखेला लोक गुडघ्यावर बसून ते घासतात आणि शेजारी मेणबत्ती लावतात. आधी पाण्याने माती काढायची, मग थोडी पॉलिशची पेस्ट मऊ फडक्याने गोल गोल, काळं निघेपर्यंत. पेस्ट बाजूच्या दगडांवर जाऊ द्यायची नाही, पांढरे डाग पडतात. शेवटी ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं. तारेची घासणी चालत नाही, चरे पडतात. चिंचही नको, आंबट नीट धुतलं गेलं नाही तर पितळ लवकर हिरवं पडतं, हे तूच समया घासताना सांगायचीस. मी पाटावर बसून राखेत बोटं बुडवायचे आणि तू ओरडायचीस. यंदा माझ्या शेजारी बस. पण तू स्टुलावर, गुडघे टेकायचे नाहीत.

संध्याकाळी बोर्नहोल्मर रस्त्याच्या पुलावर जाऊ, भिंत होती तेव्हा पूर्व बर्लिनमधून पश्चिमेला जायचं एक फाटक तिथे होतं. १९८९ ला पूर्व जर्मनांसाठी प्रवासाचे नवे नियम १० तारखेच्या पहाटे जाहीर व्हायचे होते. तिथल्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते शाबोव्स्की, त्यांना ते ठाऊक नव्हतं. पत्रकारांनी कधीपासून विचारल्यावर कागद चाळत म्हणाले, "माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब." पुलावर हजारो लोक जमले. जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना आधी सोडलं, पण ओळखपत्रातल्या फोटोवर शिक्का मारून. म्हणजे नागरिकत्व गेलं, परत यायचं नाही, आणि हे त्यांना सांगितलंही नव्हतं. काही जोडपी थोड्या वेळाने परतली, पोरं घरी झोपलेली होती. साडेअकराच्या सुमाराला येगर नावाच्या अधिकाऱ्याने वरून हुकूम नसताना फाटक उघडलं.

माझ्याही जुन्या पासपोर्टवर 'रद्द'चा शिक्का बसेल. तो बघून रडू नका. इथला कायदा जून २०२४ पासून दोन्ही नागरिकत्वं ठेवू देतो, आपला देत नाही, एवढंच. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड काढलं की आजन्म व्हिसा लागत नाही. मतदान जाईल, ते मलाही लागतं. शेतजमीन विकत घेता येणार नाही, पण वारसाने येऊ शकते. तेव्हा बाबा, विहिरीजवळच्या तुकड्यासाठी आत्ताच तलाठ्याकडे धावू नका.

आता ऐका. बीपीच्या गोळ्या सामानात नाही, हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. विमानात दर तासाला उठायचं. गरम बनियन दोन-दोन, कानटोपी लाजायची नाही, साडेचारलाच अंधार पडतो. लोणचं प्लास्टिकच्या डब्यात, काचेच्या नको. खोलीत हीटर आहे, खालीच लिफ्ट आहे, सकाळचा चहा मी आलं घालून करीन, बाबांचा बिनसाखरेचा. समया घासायचं ते जुनं सुती फडकं मात्र आण, आई. तसं मऊ इथे मिळत नाही.

तुमची,
मनू